सूर आधी, बोट मागनं

जत्रेच्या नाटकाचं रेकॉर्डिंग काकांना दाखवायला नेलं होतं. सोप्यावर लॅपटॉप ठेवला, त्यांनी चष्मा पुसला, दुसऱ्या अंकातलं पद लागलं आणि पंधरा-वीस सेकंदांत ते म्हणाले, "छान आलंय रे, पण सूर आधी येतो आणि बोट मागनं पडतं." मी म्हटलं नाही काका, सगळं फ्रेमला फ्रेम जुळवलंय. "परत लाव." परत लावलं. मला काही दिसेना, त्यांना दिसत होतं. पन्नास वर्षं पायपेटी वाजवलेला माणूस, बोट पट्टीवर कधी पडतं आणि सूर कधी निघतो हे त्यालाच जास्त कळणार. घरी येऊन तपासलं तर चूक निघाली, बरोबर ८० मिलिसेकंदांची. ती कशी झाली ते लिहायचंय, पण त्यासाठी जरा मागनं सुरुवात करायला लागेल.

अंत्रुजातल्या, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातल्या, माणसाला जत्रेचं नाटक म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरचेही वाचतात म्हणून थोडक्यात. देवळासमोर मंडप, बाजूला खाज्यांची आणि खेळण्यांची दुकानं, पालखी आत गेली की रात्री अकरा-साडेअकराला पडदा उघडतो तो पहाटे कधीतरी पडतो. नट सगळे गावचेच, कोणी बँकेत, कोणी बसवर, कोणी शाळेत मास्तर, आणि तालमी दोन-दोन महिने चालतात. मास्टर दीनानाथांचं मंगेशी याच फोंडा तालुक्यातलं, सुरश्री केसरबाईंचं केरीही याच तालुक्यातलं, त्यामुळे संगीत नाटक इथे कोणी जपून वगैरे ठेवलेलं नाहीये, ते चालूच आहे. आणि आमच्या गावात संगीत नाटक म्हटलं की पायपेटीवर काका. सख्खे काका नव्हेत, वाड्यावरचे, पण लहानपणापासून काकाच म्हणतो. वय ७४.

त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात जुन्या कॅसेटी आहेत, मंडपात खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून कोणी कोणी केलेल्या. मी त्यातल्या अकरा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि खरं सांगतो, ऐकताना फार वाईट वाटलं. कारण त्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारं सर्किट असायचं, नट जोरात गायला की ते दाबायचं आणि नट थांबून पेटी एकटी वाजायला लागली की ते वर उचलायचं, पण उचलताना पेटी एकटी थोडीच येणार, मंडपातली कुजबूज, खुर्च्या, पोराचं रडणं, चणेवाल्याची हाक सगळं वर यायचं. म्हणजे नेमकं जिथे काका वाजवतायत तिथे काका ऐकू येत नाहीत. तीस-चाळीस वर्षं नाटकं वाजवलेल्या माणसाकडे आपल्या हातचा एक स्वच्छ तुकडा नाही. म्हणून मी ठरवलं की हे नीट करायचं, पेटी ऐकू आली पाहिजे आणि बोटं दिसली पाहिजेत.

सामान माझ्याकडे फार नाही. झूम एच१एन, तळहाताएवढा रेकॉर्डर, दोन ट्रिपल ए सेलवर रात्रभर चालतो. एक सेकंडहँड मिररलेस कॅमेरा आणि त्याचा ट्रायपॉड. आणि माझा फोन, बारक्या स्टँडवर. कॅमेरा भाच्याकडे दिला. तो अकरावीत आहे आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

आदल्या वर्षी मी साऊंडवाल्याच्या मिक्सरमधनं लाइन, म्हणजे थेट वायरीतनं आवाज, घेतली होती. वाटलं होतं स्वच्छ आवाज मिळेल, आणि मिळाला तो म्हणजे एक तर अख्खा वेळ हम, विजेच्या ५० हर्ट्झचा तो गुरगुराट, आणि दुसरं म्हणजे तबलाच नाही. यात साऊंडवाल्याची चूक काही नाही, मिक्सरवर काय असतं तर मंडपाला जे कमी ऐकू जाईल ते. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही म्हणून तो स्पीकरवर भरपूर, तबला आपोआप पोचतो म्हणून त्याला माइक नावापुरता. मंडपात बसलेल्याला दोन्ही मिळून बरोबर ऐकू येतं आणि लाइन घेतलेल्याला फक्त अर्धं. मग मी लाइन आणि रेकॉर्डरचा हवेतला आवाज एकत्र करून बघितला, तर सगळं डब्यात बोलल्यासारखं झालं. कारण रेकॉर्डर नटापासून तीन मीटरवर होता, हवेतनं आवाज यायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात, वायरीतनं लगेच येतो, तोच आवाज दोनदा ९ मिलिसेकंदांच्या फरकाने वाजला की काही स्वर एकमेकांना खातात. एक ट्रॅक तेवढा सरकवला की बराच सुधारतो. पण नट चालत असतो, त्यामुळे तो फरक सारखा बदलत राहतो.

यंदा ठरवलं, लाइन नाहीच. रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला, पेटी आणि तबला बसतात त्या बाजूला, नटांपासूनही फार लांब नाही असा. जागा शोधायला तालमीचे तीन दिवस गेले, आणि माझं स्पष्ट मत आहे की महागड्या माइकपेक्षा हे तीन दिवस जास्त कामाला आले. आमच्या पेटीचा आवाज वाजवणाऱ्याच्या तोंडासमोरनं जेवढा येतो त्याहून मागच्या फळीकडनं जास्त मोकळा येतो, पण मागे फार जवळ गेलं की भात्याचा श्वास आणि पायट्याची, म्हणजे भाता चालवायच्या पेडलची, करकर येते. काकांचा डावा पायटा थोडा वाजतो, त्याला त्यांनी खोबरेल लावलं पण करकर काही पूर्ण गेली नाही. शेवटी मागनं दीड मीटर, थोडा तिरका, अशी जागा मिळाली. खाली लाकडी फळ्या आहेत आणि नट पाय आपटत एंट्री घेतात, ते धप्प धप्प स्टँडमधनं चढू नये म्हणून आईची जुनी गोधडी चार घड्या करून खाली घातली. रेकॉर्डरमधला लो कट चालू, ८० हर्ट्झच्या खालचं काही मला नकोच होतं, आणि वर केसाळ विंडस्क्रीन कारण बाजूला पंखा होता. आणि ऑटो लेव्हल बंद. हे मुद्दाम लिहितोय. ऑटो लेव्हल म्हणजे तीच कॅसेटमधली भानगड, नव्या डब्यात. लेव्हल हाताने लावायची, तालमीत सगळ्यात जोरात गाणाऱ्या नटाला वरची तान घ्यायला सांगायचं आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघायचं, कारण रंगात आल्यावर तो तालमीपेक्षा जोरात गाणार हे नक्की. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यांना ही लेव्हल लावायची कटकटच नाही. माझ्याकडे तो नाही, २४ बिटवर नीट जागा ठेवून काम होतं.

फोन पेटीच्या डाव्या अंगाला, बोटं दिसतील असा. एअरप्लेन मोडवर, नाहीतर मधेच टिडिक टिडिक येतं. दोन्हीकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, मंडपातल्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी ३० फ्रेमवर लपलप करताना दिसू शकतात.

आता सिंकसाठी, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवण्यासाठी, टाळी. सिनेमावाले क्लॅप मारतात ते पाटी दाखवायला नुसतं नाही, फळी आपटताना दिसते आणि आवाज येतो, ती फ्रेम आणि तो आवाज एकत्र बसवला की झालं. मी टाळी वाजवायला रंगमंचावर जाणार होतो, मग भाचा म्हणाला, "मामा, नारळ फोडतात ना?" आणि मला एकदम पटलं. नाटकाआधी रंगमंचाच्या तोंडाशी नारळ वाढवतात, सगळ्यांसमोर, दिवे लागलेले असतात, कॅमेऱ्यात हात खाली येताना दिसतो आणि फुटल्याचा खट्ट असा एकच टोकदार आवाज. याहून चांगली पाटी कुठे मिळणार? तिसरी घंटासुद्धा धारदार असते, पण घंटा पडद्यामागे वाजते, दिसत नाही, त्यामुळे ती आवाजाला आवाज जुळवायला चालेल, आवाजाला चित्र जुळवायला नाही.

तिसरी घंटा झाली, नारळ फुटला, नांदी सुरू झाली. पहिला अंक नीट गेला. कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपसूक बंद पडतो, भाच्याने प्रत्येक वेळी वेळेवर बटण दाबलं. दुसऱ्या अंकात, रात्री दीडच्या सुमाराला, नायिकेचं काम करणारी मुलगी पद म्हणत होती, ध्रुवपद झालं होतं, अंतरा उचलला आणि लाईट गेली.

एकदम काळोख. स्पीकर बंद, पंखे बंद, बाजूच्या दुकानांचे दिवे बंद. माणसं "ओऽऽ" म्हणाली आणि मग पेटी थांबलीच नाही. पायपेटीला वीज लागत नाही, पायाने भाता चालतो, काका वाजवतच होते, जरासुद्धा लय न सोडता, तबलजी एक आवर्तन थांबला आणि समेला परत आला, आणि त्या मुलीने माइक नसताना तोच अंतरा पुन्हा घेतला. सातशे-आठशे माणसं असतील, सगळी गप्प झाली. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, मग आणखी दहा-बारा लागले. भाचा कॅमेरा सोडून पुढे धावत आला आणि त्याने टॉर्च काकांच्या हातावर धरला, का तर नंतर म्हणाला की पट्ट्या दिसाव्यात म्हणून. काकांना पट्ट्या दिसायची गरज नव्हती. पण फोन तिथे चालू होता, त्यामुळे त्या टॉर्चच्या उजेडात त्यांची बोटं आली, मधल्या बोटातली चांदीची अंगठी, हातावरच्या शिरा, पट्टीवर बोट ठेवून मग किंचित आत दाबतात ती त्यांची सवय. चार मिनिटं दहा सेकंद. मग देवळामागे जनरेटर सुरू झाला, स्पीकर खर्रकन जागे झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेकॉर्डर सेलवर असल्यामुळे त्याला काहीच कळलं नाही, तो चालूच होता. लेव्हल मी स्पीकरसकटच्या आवाजाला लावलेली, म्हणून हा तुकडा फार हळू आला, काटा उणे ३५ च्या आसपास. घरी तो १८ डेसिबल वर उचलला तर मागे थोडी सरसर आली, पण रातकिडे आणि सगळा मंडप श्वास धरून बसलाय ती शांतताही आली. २४ बिटचा फायदा हा, हळू घेतलेलं वर उचलता येतं. उलट जोरात घेऊन वर कापलं गेलं असेल तर ते काही केल्या परत येत नाही. तो तुकडा मी कितीदा ऐकला ते सांगत नाही. स्पीकरशिवाय आमच्या मंडपात नाटक कसं ऐकू येत असेल, आजोबांच्या वेळी, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, ते मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

आता जुळवाजुळवीकडे येतो. रेकॉर्डरवर एक फाइल अपेक्षित होती, निघाल्या दोन. हिशेब साधा आहे, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिट म्हणजे ३ बाइट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, तासाला साधारण एक जीबी. आणि २ जीबीला फाइल तुटते, म्हणजे दोन तास चार मिनिटांनी. घाबरायचं नाही, दोन्ही तुकडे एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकाला एक चिकटवून ठेवायचे, मधे काही सोडायचं नाही. आणि रेकॉर्डरला ४८ वरच ठेवायचं, ४४.१ वर नको, व्हिडिओ ४८ वर चालतो, उगाच मधे रूपांतर कशाला. एमपीथ्री तर नकोच.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून आपोआप सिंक करता येतं, कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज यांचे उंचवटे तो जुळवतो. म्हणून कॅमेऱ्याचा आवाज कधी बंद करू नका, कितीही घाणेरडा असला तरी, तो ऐकायला नसतोच, जुळवायला असतो. कॅमेऱ्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पटापट बसले. ते २९ मिनिटांचं बंधन मला आधी त्रासाचं वाटायचं, पण त्यामुळे प्रत्येक तुकडा नव्याने जुळतो आणि फरक साचत नाही. त्रास फोनने दिला, कारण त्याची ६२ मिनिटांची सलग क्लिप होती. सुरुवातीला तबल्याची थाप थापेवर बसली आणि शेवटाला गेलो तर चार फ्रेम फरक, म्हणजे १६० मिलिसेकंद.

याला ड्रिफ्ट म्हणतात. प्रत्येक यंत्राच्या आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तोच त्याचा ठेका धरतो, आणि दोन यंत्रांचे ठेके कधीच तंतोतंत सारखे नसतात, उष्णतेनेही थोडे हलतात. माझा फरक ६२ मिनिटांत १६० मिलिसेकंद म्हणजे दहा लाखाला ४३, म्हणजे एक यंत्र ज्या वेळात ४८,००० नमुने घेतं त्या वेळात दुसरं ४८,००२ घेतं. ऐकायला काहीच नाही, पण तासाभरात ओठ आणि शब्द वेगळे दिसायला लागतात. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच खाप्रूमामा पर्वतकरांचं नाव काढलं, आपल्या गोव्याचे लयभास्कर, हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे आणि समेवर सगळे एकत्र आणायचे अशी त्यांची ख्याती. काका म्हणाले, "यंत्राला सम माहीत नाही, म्हणून ते तुला सांगायला लागतं." मला हे फार पटलं, सिंक म्हणजे खरंच समेवर आणणं आहे, आणि एकदा नाही, सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडे बघितलं तरच कळतं की मधे लय सुटली का. म्हणून सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी. माझी शेवटची टाळी राहिली होती, म्हणून तबल्याच्या थापेवर काम भागवलं. पेटीवर ते होत नाही, पेटीचा सूर हळू उगवतो, त्याला थापेसारखी कड नसते.

उपाय दोन. एक, पडदा पडतो तिथे, प्रवेश बदलतो तिथे क्लिप कापायची आणि प्रत्येक तुकडा नव्याने जुळवायचा, नाटकाला हे सोपं जातं. दोन, सलगच हवं असेल तर आवाजाचा वेग तेवढाच बदलायचा, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात चेंज स्पीडमध्ये ०.००४ टक्के वगैरे. सूर बदलेल का ही भीती मलाही होती, पण एका अर्धस्वराचे १०० सेंट धरतात आणि हा फरक एका सेंटचा दहावा भागही होत नाही, काकांनाही तो कळला नाही. त्याआधी मात्र फोनची क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट फ्रेमरेटवर, म्हणजे प्रत्येक सेकंदाला तेवढ्याच फ्रेम राहतील अशी, काढून घ्यायची. कारण फोन सांगतो २५ आणि काळोख झाला की आपणहून कमी फ्रेम घेतो, आणि आमच्याकडे तर लाईटच गेली होती. आधी मी हे न करताच तासभर जुळवत बसलो होतो, एक टोक बसवलं की दुसरं सुटायचं.

आता ती ८० मिलिसेकंदांची चूक. कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला होता, रंगमंचापासून २५ मीटर. आवाज हवेतनं सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे नारळ फुटल्याचं दृश्य कॅमेऱ्याला लगेच मिळालं आणि आवाज ७२ मिलिसेकंदांनी, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम उशिरा. सॉफ्टवेअरने काय केलं, रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज कॅमेऱ्याच्या उशिरा पोचलेल्या आवाजावर नेऊन बसवला. वेव्हफॉर्म बघा तर तंतोतंत, चित्र बघा तर नारळ फुटून गेलाय आणि खट्ट मागनं. हे मी पकडलं, नारळामुळेच पकडलं, आणि रेकॉर्डरचा अख्खा ट्रॅक दोन फ्रेम अलीकडे ओढला, म्हणजे आवाज तेवढा आधी आणला. नारळ बरोबर बसला. फक्त त्याच टाइमलाइनवर फोनची क्लिपही होती, आणि फोन पेटीपासून हातभर अंतरावर, त्याला कसलाच उशीर नव्हता, तो आधीच बरोबर बसलेला. मी ट्रॅक ओढला तशी कॅमेऱ्याची दृश्यं बरोबर झाली आणि बोटांची बिघडली. सूर दोन फ्रेम आधी. सरकवायचं ते दृश्य सरकवायला हवं होतं, मागच्या कॅमेऱ्याचं, एकट्याचं. एका मुख्य आवाजाला हात लावायचा नाही, बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे यायचं.

आणि मला दिसलं नाही ते काकांना का दिसलं, तर त्यालाही कारण आहे. आवाज दृश्याच्या मागनं येणं आपल्या डोळ्याला सवयीचं आहे, नदीपलीकडे कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडते आणि आवाज नंतर येतो, लहानपणापासून बघतोय. आवाज आधी आणि दृश्य नंतर असं निसर्गात कुठेच होत नाही, म्हणून ते लगेच खुपतं. टीव्हीसाठी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, शिफारस आहे त्यातही हेच दिसतं, आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत माणसाला सहसा कळत नाही, पण पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच कळतो. माझा ८० पुढे होता. मी दहा वेळा बघून बघून डोळा सरावला होता. काका पहिल्यांदा बघत होते, आणि बोटं त्यांची होती.

दुरुस्त करून चार दिवसांनी परत गेलो. काकीने चहा ठेवला. काकांनी तो लाईट गेल्यानंतरचा तुकडा लावायला सांगितला, हेडफोन नको म्हणाले, स्पीकरवरच लाव. चार मिनिटं दहा सेकंद ते काही बोलले नाहीत, उजव्या हाताची बोटं मात्र गुडघ्यावर चालत होती, स्क्रीनवरच्या बोटांबरोबर. संपल्यावर म्हणाले, "ही पेटी आमच्या वडिलांनी घेतली. ती बाहेरनं अशी वाजते हे मला माहीत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "अंतऱ्यात मी निषाद जरा लांबवलाय, तिला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. ते आलंय त्यात." मी परत लावून ऐकलं, खरंच आलंय.

कॅसेटींचा खोका त्यांनी आता माझ्याकडेच दिलाय, अजून नऊ उतरवायच्या राहिल्यात, त्यातल्या दोन कॅसेटींची फीत चिकटलीय त्या शेवटी बघेन. पुढच्या जत्रेचं नाटक ठरलंय, तालमी गणपतीनंतर सुरू होतील. डाव्या पायट्याला नवीन चामडं घालायचं चाललंय. शेवटची टाळी कोण वाजवणार ते मी विचारलं तर काका म्हणाले भैरवी झाली की मीच वाजवतो, पेटी बंद करून, रेकॉर्डर कुठे आहे तेवढं मला दाखवून ठेव.